अप्पांची नामांकनं

मी निवेदक आहे. म्हणजे माईकवर बोलून पोट भरणारा. नांदेडपासून लातूरपर्यंत जिथं म्हणून शाल, श्रीफळ आणि सन्मानचिन्ह या तीन वस्तू एका टेबलावर आल्या, तिथं चौथी वस्तू मीच. आजवर मी इतके पुरस्कार जाहीर केलेत, की या दोन जिल्ह्यांत बिनपुरस्काराचा माणूस आता औषधालाही उरलेला नाही. परवा मुखेडच्या बाजारात एक सापडला. 'एकही पुरस्कार नसल्याबद्दल' त्याचा सत्कार करायचं घाटत होतं, पण तो बिचारा घाबरून मिळेल त्या एसटीत बसून निघून गेला. शालींचं तर विचारूच नका. एक जांभळी शाल मी सात व्यासपीठांवर ओळखली. आठव्या व्यासपीठावर तिनं मला ओळखलं.

तर अशा माणसाला कुणी विचारलं, की बाबा रे, तुझ्या लेखी पुरस्काराच्या तोलाचा माणूस कोण, तर मी एकच नाव घेईन. मन्मथअप्पा. लातूरचे भांडेवाले, आणि मराठवाड्यातल्या पहिल्या अंतराळ-मालिकेचे लेखक, दिग्दर्शक, निर्माते आणि मंगळाचे तहसीलदार. अप्पा आता नाहीत. पण अजूनही लग्नाच्या पंगतीत कुणी पाण्याचा पेला उलटा करून बघताना दिसला, की मी बोलता बोलता तिकडंच बघत राहतो.

पेला उलटा करणं ही अप्पांची खूण. त्यांच्यासमोर भांडं आलं, की ते आधी त्याचं बूड वाचायचे. कुणी दिलं, कुणाच्या लग्नात दिलं, आणि मुख्य म्हणजे नाव कुणाच्या हातानं घातलंय. भांडं रिकामं आहे का भरलेलं, ही बाब त्यांच्या लेखी किरकोळ. माझ्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा बायकोनं खिरीची वाटी दिली. अप्पांनी ती उचलली, उलटी केली, आणि खीर धोतरावरून ओघळत असताना समाधानानं म्हणाले, "हात माझाच हाय. तुमच्या मेव्हणीच्या लग्नातली. त्या साली मशीनची सुई जरा जाड होती."

एकदा उदगीरला एका घरी त्यांनी ताट उलटं करून यजमानाला सांगितलं, "हे ताट तुमचं न्हाई, शेजाऱ्याचं हाय." त्या दोन घरांची बोलाचाल त्याच ताटावरून बंद पडली होती. ताट परत गेलं, भिंतीत दार पडलं, आणि पुढं दोन्ही घरांची सोयरीक झाली. लग्नात अप्पांनीच नावं घातली. हे शेवटचं वाक्य अगदी खरं आहे; आधीच्यात मी थोडी फोडणी दिलीय.

गंजगोलाईच्या एका अंगाला त्यांचं दुकान. अप्पा बुटके, गोल, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, आणि पोट असं चकचकीत ताणलेलं, की ते मोठ्या घागरीशेजारी उभे राहिले तर नवं गिऱ्हाईक दोघांचीही किंमत विचारायचं. हातात कायम ते नाव घालायचं मशीन. जाड पेनासारखं, मागं वायर, बटण दाबलं की टर्रर्र. बोलताना, ऐकताना, रागावताना मशीन हातातच. आणि एकच वाक्य दिवसातून शंभरदा: "एकदा नाव घातलं की पुसत न्हाई. आधी इचार करा, मग सांगा." नवऱ्या मुलाकडची माणसं वधूचं नवं नाव सांगायला आली, की अप्पा विचारायचे, "पोरीला इचारलं का?" विचारलं नसेल तर ते त्यांना चहा पाजून परत पाठवायचे. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल, पण चुकीचं नाव स्टीलवर जाता कामा नये.

मालिकेची सुरुवात टँकरमुळं झाली. गल्लीत टँकर यायचा होता, आला नव्हता, बायका हंड्यांची रांग लावून बसल्या होत्या, आणि दुकानातल्या टीव्हीवर बातमी चालली होती की मंगळावर पाण्याच्या खुणा सापडल्या. अप्पांनी मशीन बंद केलं. ही घटनाच एवढी मोठी, की शेजारचा सराफ काय झालं म्हणून पळत आला. अप्पा म्हणाले, "तिथं सापडलं. मग आपण हितं कामून बसलाव?"

त्यातून निघाली 'तालुका मंगळ, जिल्हा लातूर'. लातूरची माणसं पाण्यासाठी मंगळावर जाऊन वस्ती करतात, वस्ती वाढली म्हणून तिथं तालुका होतो, तालुका झाला म्हणून तहसील येते, आणि तहसील आल्यावर पुन्हा पाणी मिळेनासं होतं. दाखवणार कोण? तर केबलवाला सिद्धार्थ. त्याच्या लोकल चॅनलवर बाजारभाव, वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि कोचिंग क्लासच्या जाहिराती एवढंच असायचं. लग्नाच्या शूटिंगचा कॅमेरा त्याच्याकडं होताच. तो म्हणाला, "अप्पा, तुमचं मंगळ तर मंगळ. वाढदिवसापेक्षा बरं."

यान म्हणजे स्टीलची पाण्याची मोठी टाकी. आतली यंत्रं म्हणजे इडलीपात्रं, किसण्या आणि ढोकळ्याची ताटं. शिरस्त्राण म्हणजे मोठा कुकर, समोरून कापून काच बसवलेला. शिट्टी तशीच ठेवलेली, कारण श्वास कोंडला तर कळायला हवं. आणि शूटिंग संपलं की यातलं अर्धं सामान दुकानात परत, वर पाटी: 'मंगळावर जाऊन आलेली भांडी'. बायका ती आधी घ्यायच्या. धर्माबादेपर्यंत गेली ती भांडी.

पण हसू नका. विज्ञानाच्या बाबतीत अप्पा भलतेच कडक. मंगळावर वजन तिसऱ्या हिश्शाच्या थोडं वर भरतं, हे त्यांनी वाचलं होतं. म्हणून नट मंडळींना पाय अलगद उचलत चालावं लागायचं. एका भागात मंगळाच्या रेशन दुकानात गव्हाचं पोतं तेवढंच भरतं, असं दाखवलं. दुसऱ्या दिवशी लोक दुकानात आले: "अप्पा, आमच्याकडं हितंच तेवढं भरतंय. त्यासाठी मंगळावर कामून जायचं?"

यानाची कप्तान मात्र सापडत नव्हती. कुकर डोक्यात घालायला कुणी बाई तयार होईना. मग अप्पांनी घरात बघितलं. महानंदाअक्का, त्यांच्या पत्नी. माहेर रेणापूर. अप्पांपेक्षा वीतभर उंच, ताठ, आणि आवाज असा की शेवटच्या रांगेतल्या माणसानं आपोआप टोपी काढावी. अक्का म्हणाल्या, "बसते. पण 'इंधन संपुष्टात आलेले आहे' असलं बोलणार न्हाई. 'सरलं' म्हणीन." अप्पांनी लगेच कबूल केलं. घरात त्यांना 'अगं' म्हणणारे अप्पा सेटवर मात्र 'कप्तान' म्हणायचे, आणि तेही अहोजाहो करून.

आणि मग पुरस्कारांचं ते सुरू झालं.

धर्माबादचे गंगाधरशेठ मिरचीचे व्यापारी. हौशी माणूस. लोकल चॅनलवाल्यांसाठी दरवर्षी नांदेडात ते 'गोदाकाठ छोटा पडदा पुरस्कार' द्यायचे. शेठ व्यासपीठावर चढले की त्यांच्या कपड्यांतून मिरचीचा असा लोट उठायचा, की प्रत्येक पुरस्कारविजेत्याच्या डोळ्यांत पाणी. पेपरात यायचं: 'मान्यवर भावुक झाले.' शेठना शील्ड मान्य नव्हतं. "शील्ड घरी जाऊन काय करतंय? धूळ खातंय. कळशी दिली तर पाणी तरी भरंल." म्हणून पुरस्कार म्हणजे स्टीलची कळशी, त्यावर नाव आणि पुरस्कार कोरलेला. आणि कळशी कुठून? तर मन्मथअप्पांच्या दुकानातून.

इथं गंमत नीट ध्यानात घ्या. अप्पांच्या मालिकेला पहिल्या वर्षी नामांकन मिळालं 'उत्कृष्ट कृषीविषयक कार्यक्रम' म्हणून, कारण मंगळावर सोयाबीन पेरलेलं दाखवलं होतं. दुसऱ्या वर्षी 'उत्कृष्ट जलजागृती'. मग 'उत्कृष्ट कौटुंबिक', मग 'उत्कृष्ट ग्रामविकास'. विज्ञान हा प्रकार शेठच्या पुरस्कारांत नव्हताच. कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी शेठ दुकानात यायचे, स्टुलावर बसून विजेत्यांची नावं तोंडानं सांगायचे, आणि अप्पा एकेक कळशीवर घालायचे. म्हणजे आपण हरलो, हे अप्पांना आठवडाभर आधी कळायचं. स्वतःच्या हातानं कोरूनच कळायचं.

आणि तरी हा माणूस कार्यक्रमाच्या दिवशी जाकीट इस्त्री करून पुढच्या रांगेत हजर! मी माईकवर म्हणायचो, "आणि पुरस्कार जातोय..." आणि तिथं मुद्दाम थांबायचो, ढोलकीवाल्याला खूण करायचो. सगळं सभागृह श्वास रोखायचं. अप्पाही रोखायचे. दुसऱ्याचं नाव आलं की सगळ्यांत आधी टाळी अप्पांची. मला खरं काय ते माहीत झाल्यावर मी विचारलं, "अप्पा, तुम्हाला तर आधीच ठाऊक असतं. मग श्वास कशाला धरता?"

"मी बिनघोर दिसलो, तर बाकीच्याला संशय येतो. गिराईकाची बात दुकानाबाहेर जाऊ नये."

"घरी तरी सांगता का? अक्कांना?"

"घर बी दुकानाबाहेरच हाय की."

नामांकनाची प्रमाणपत्रं त्यांनी दुकानात कुकरांच्या मधे ओळीनं टांगली होती. कुणी विचारलं, "अप्पा, नामांकन म्हंजे काय वो?" तर सांगायचे, "पंगतीला बोलवायचं, पान मांडायचं, आणि वाढायच्या टायमाला शेजारच्याला वाढायचं. पण बोलवलं हे खरं की न्हाई?"

आता मालिकेतला तो भाग सांगतो, ज्यानं सगळं घडवलं आणि बिघडवलं.

कप्तान मंगळावर एकटी आहे. बाकीचे पाणी शोधायला गेलेत. ती रेडिओवर पृथ्वीवरच्या आपल्या नवऱ्याला विचारते, "जेवलात का?" बस, एवढंच. आता अप्पांचं विज्ञान आडवं आलं. "आवाज जायला सहा मिनिटं, यायला सहा. मंगळ सध्या तसा जवळ हाय. म्हंजे बारा मिनिटं कप्तान वाट बघणार." सिद्धार्थ म्हणाला, "अप्पा, 'बारा मिनिटांनंतर' अशी पाटी टाकू." अप्पा म्हणाले, "पाटीनं कुणाला वाट बघितल्यागत वाटतंय का?"

आणि अक्का बारा मिनिटं बसल्या. कुकर डोक्यात, मांडीवर ज्वारीचं सूप. काहीही बोलल्या नाहीत. ज्वारी निवडत राहिल्या. मधेच हात थांबायचा, रेडिओकडं नजर जायची, पुन्हा खडे वेचायच्या. एकदा नुसत्या हसल्या, कशाला कोण जाणे. बाराव्या मिनिटाला रेडिओतून अप्पांचा आवाज आला: "जेवलो. तू?" आणि त्या बाईनं कुकरच्या काचेवर आतून साचलेली वाफ पुसायला हात वर नेला. हात बाहेरून काचेवर फिरला. वाफ आतच राहिली.

मी ते शूटिंग बघितलं होतं. मी, म्हणजे ज्याचं तोंड झोपेतही चालू असतं तो, बारा मिनिटं गप्प होतो. माझ्या बायकोनं याची शपथेवर खात्री मागितली होती.

पण केबलवर ते लागलं, आणि दुसऱ्या मिनिटाला अर्ध्या लातूरनं सिद्धार्थला फोन केले. "चित्र अडकलंय!" काहींनी टीव्हीला थापडा मारल्या. एकानं गच्चीवर जाऊन डिश फिरवली आणि शेजाऱ्याचा क्रिकेटचा सामना घालवला. आठवडाभर सगळ्या शहराला एकच चेष्टा. रेणापूरला भाच्याच्या लग्नात अक्कांना माहेरच्याच बायका विचारायला लागल्या, "का गं, शिट्ट्या किती झाल्या? शिजलं का?" अक्का पंगतीत वाढत राहिल्या. त्यांना वाटलं, लोकांचं काय, लोक हसतातच. घरातला माणूस तर हसत नाही ना.

त्या वर्षी नांदेडात मी पाकीट फोडलं आणि वाचलं: "उत्कृष्ट विनोदी मालिका... 'तालुका मंगळ, जिल्हा लातूर'! विशेष उल्लेख: कुकरमधली बारा मिनिटं!" सभागृह हसून हसून खुर्च्यांवरून घसरलं. पहिलीवहिली कळशी! अप्पा आणि अक्का, दोघांना जोडीनं व्यासपीठावर बोलावलं. अप्पांना फेटा, अक्कांना साडी-चोळी, ओटी. शेठच्या मिरचीनं डोळ्यांत पाणी. अक्कांनी कळशी हातात घेतली, 'विनोदी' हा शब्द वाचला, आणि त्यांच्या डोळ्यांतलं पाणी थांबलं. ते अक्षर त्यांच्या ओळखीचं होतं. लातुरात 'व' ला तसं वळण एकाच हाताचं.

माईक माझ्या हातात, मी मधे उभा, म्हणून मला ऐकू आलं.

"हे तुमी सोता घातलाव?"

"हाव. गिराईकानं सांगितलं."

"आठ दिस झाले तुमाला ठाऊक हाय, मी माझ्या सीनवर लोकांचं हसू ऐकायला नवी साडी नेसून चाललेय म्हणून?"

"अगं, दुकानाची बात..."

"मग आता दुकानालाच कप्तान करा."

अक्कांनी त्या दिवसापासून कुकर डोक्यात घातला नाही. मालिकेचा शेवटचा भाग बाकी होता, यान पृथ्वीवर परत आणायचं होतं. कप्तानच नाही म्हटल्यावर यान मंगळावरच अडकलं. कळशी माळ्यावर गेली. घरात दोन्ही वेळचं जेवण वेळेवर मिळायचं, पण 'जेवलात का' हा प्रश्न बंद झाला. अप्पांच्या पोटाचा ताण कमी झाला. घागर आणि अप्पा आता गिऱ्हाईकांना वेगवेगळे ओळखू यायला लागले. रस्त्यात कुणीही थांबवून विचारायचं, "अप्पा, यान कवा येणार?" अप्पा म्हणायचे, "कप्तानला इचारा." आणि अक्कांना विचारायची कुणाची छाती नव्हती. मी एकदा मध्यस्थी करायला गेलो. अक्का एवढंच म्हणाल्या, "दुनिया हसली त्याचं काय न्हाई, सर. पण त्या मशीननं जरा तरी अडखळायचं होतं."

नवीन काही नाही म्हणून सिद्धार्थ जुनेच भाग पुन्हा पुन्हा दाखवत राहिला. बारा मिनिटांचा तो भागही. आणि हळूहळू काय झालं कोण जाणे, फोन यायचे थांबले. चित्र अडकलेलं नाही, बाई वाट बघतेय, हे लोकांना समजायला लागलं. मुखेडहून एक म्हातारी एसटीनं दुकानात आली. म्हणाली, "कुकरवाली बाई कुठं हाय? माझं पोरगं दुबईला हाय. त्याचा फोन येईस्तोवर मी बी अशीच खडे वेचत बसते." अक्कांनी तिला घरात नेलं, जेवू घातलं. दोघी काय बोलल्या ते मला माहीत नाही, आणि मला माहीत नसलेल्या गोष्टी जगात फार थोड्या आहेत.

पुढच्या वर्षी शेठनी परीक्षक बदलले, आणि नामांकन आलं: 'उत्कृष्ट अभिनेत्री: महानंदा मन्मथअप्पा'.

अप्पांची झोप उडाली. ही कळशी मिळाली तर कप्तान परत येईल, असं त्यांच्या मनानं घेतलं. पण शेठ नावं सांगायला दुकानात आले तेव्हा मी तिथंच होतो. बाकीची सगळी नावं झाली. मशीन टर्रर्र करत होतं. शेठ म्हणाले, "आता अभिनेत्री. घ्या..."

अप्पांनी दोन्ही हात कानांवर ठेवले. मशीनसकट. कानाशेजारी ते टर्रटर्रत राहिलं.

"सांगू नका, शेठ! सांगितलाव तर घरात सांगावं लागंल, न्हाईतर लपवावं लागंल. गेल्या साली लपवलं, त्याचं भोगून राहिलोय. कळशी कोरी ठेवा. स्टेजवर नाव फोडा, मी तिथंच घालतो."

"अवुनु, अवुनु," शेठ खूश होऊन मान डोलवत म्हणाले. धर्माबाद तेलंगणाच्या शिवेवरचं; तेलुगूत होच म्हणाले ते. "लाईव्ह करू!"

आणि नांदेडच्या त्या व्यासपीठावर पाहुण्यांच्या शेजारी एक टेबल, टेबलावर कोरी कळशी, एक्स्टेन्शन बोर्ड, आणि हातात मशीन घेतलेले अप्पा. अक्का खाली तिसऱ्या रांगेत. आलेल्या होत्या, पण निमंत्रणाचा मान ठेवायला. मी पाकीट फोडलं. आयुष्यात पहिल्यांदा मला ढोलकीवाल्याला खूण करायचं सुचलं नाही.

"उत्कृष्ट अभिनेत्री... वैष्णवी."

नांदेडचीच पोरगी. एका मालिकेत सून होती. चांगली करायची, त्यात वाद नाही. टाळ्या झाल्या. आणि सवयीनं सगळ्यांत आधी टाळी वाजली ती अप्पांचीच. मशीन काखेत धरून.

पोरगी व्यासपीठावर आली. अप्पांनी तिला विचारलं, "लेकरा, नावाखाली फूल घालू का वेल?" ती गोंधळून म्हणाली, "काहीही चालेल, काका." अप्पांनी मशीन सुरू केलं. माझा माईक जवळच होता, त्यामुळं तो टर्रर्र आवाज सगळ्या सभागृहात घुमला. मशीन कुठंही अडखळलं नाही. अक्षर ना अक्षर मोत्यासारखं. नावाखाली फूल घातलं, मग वेलही घातला. फुंकर मारून स्टीलचा भुगा उडवला, आपल्या इस्त्रीच्या जाकिटाला कळशी पुसली, आणि दोन्ही हातांनी तिला दिली. पोरगी पाया पडली. तिसऱ्या रांगेत अक्का ताठ बसून बघत होत्या. ज्वारी निवडताना होती तशीच नजर.

दुसऱ्या दिवशी लातूरला माझा कार्यक्रम होता, म्हणून परतताना मीही त्यांच्याच गाडीत. अहमदपूर येईपर्यंत कुणी शब्द काढला नाही. तोंड बंद ठेवून माझा जबडा दुखायला लागला. मग अक्काच म्हणाल्या, "अवो. त्या पोरीला वेल बी घातलाव?"

"जे नाव आलं ते नीट घालावंच लागतंय. तिचा काय दोष?"

"माझ्या कळशीवर नव्हता वेल."

"बुडाला होता की."

"बुडाला काय होतं?"

अप्पा सीटवरून पूर्ण मागं वळले. आश्चर्यानं. खरं आश्चर्य, नाटकी नाही. "तू उलटी करून बघितली न्हाईस?"

बघा म्हणजे झालं! या माणसाला वर्षभर असं वाटत होतं, की जगातला प्रत्येक मनुष्य हातात भांडं आल्याबरोबर आधी उलटं करतो.

घरी पोचल्यावर अक्कांनी चप्पलही न काढता माळ्यावरची कळशी मला काढायला लावली. तिच्यात चिंच भरून ठेवली होती. चिंच परातीत ओतली, कळशी उलटी केली. बुडाला बारीक वेल होता, आणि वेलाच्या आत चार शब्द: 'हे मला कबूल न्हाई.' खाली 'मन्मथ'.

अक्कांनी वेलावरून बोट फिरवत ते वाचलं. मग म्हणाल्या, "तोंडानं सांगायला काय झालं होतं?"

"घातलं होतं की."

"वरीस झालं!"

"मंगळ लांब हाय," अप्पा म्हणाले. "यायला टाइम लागतोय."

अक्कांनी चिंचेचा हात पदराला पुसला. "कुकर कुठं हाय?"

"कोणता? वरणाचा का मंगळाचा?"

"वरणाच्याला काय धाड भरलीय? मंगळाचा!"

शेवटच्या भागाचं शूटिंग रेणापूरच्या अलीकडच्या माळावर झालं. मला बोलावलं होतं, यान उतरताना पार्श्वभूमीला आवाज द्यायला. माळ असा तांबडा आणि ओसाड, की मंगळाला त्याची नक्कल करायला आणखी थोडी वर्षं लागतील. टाकी मधोमध ठेवली. अक्का आत, कुकर डोक्यात. सिद्धार्थ कॅमेऱ्यामागं. अप्पा शंभर पावलांवर एका दगडावर, हातात माईक, पृथ्वीचा आवाज म्हणून. यान अजून मंगळावरून निघतंय, असा प्रसंग. सहा मिनिटं जायला, सहा यायला, नियम तोच. अप्पांनी सगळ्यांना बजावलं होतं, कुणी खोकलं तरी भाग पुन्हा.

कप्तानचा आवाज आला: "जेवलात का?"

"न्हाई की अजून!" अप्पांनी लगोलग उत्तर दिलं.

 सिद्धार्थनं कॅमेऱ्यावरून डोळा काढला. अप्पांनी स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. उभ्या मालिकेत विज्ञानाची एकही चूक न करणारा माणूस, वर्षभर न आलेला प्रश्न कानावर पडला आणि बारा मिनिटं विसरला. टाकीतून शिट्टीचा आवाज आला. अक्का हसत होत्या, कुकरमधे.

"अप्पा, परत घेऊ," सिद्धार्थ म्हणाला. "हे विज्ञानाला धरून न्हाई."

"ऱ्हाऊ दे," अप्पा म्हणाले. "जवळ आलं असंल यान."

मग जेवायची सुट्टी झाली. अक्का कुकर काखेत घेऊन, भरलेली घागर आणावी तशा माळावरून चालत आल्या. दगडावर बसल्या. डबा काढून अप्पांच्या हातात दिला. आणि अप्पांनी, अर्थातच, तो उलटा केला. झाकण सैल होतं. वरण सदऱ्यावरून धोतरापर्यंत गेलं. अप्पांचं तिकडं लक्षच नव्हतं. डब्याच्या बुडाला वाकडीतिकडी, एकमेकांवर चढलेली अक्षरं होती. मशीन पहिल्यांदाच हातात घेतलेल्या माणसाची.

अप्पांनी चष्मा वर केला आणि एकेक अक्षर लावत मोठ्यानं वाचलं, "उत्कृष्ट... नवरा." मग डबा जरा फिरवला. "नामांकन."

"नुसतं नामांकनच?" ते म्हणाले.

"निकाल अजून लागला न्हाई," अक्का म्हणाल्या, आणि स्वतःच्या डब्यातली भाकरी मोडून अर्धी त्यांच्यापुढं ठेवली.

त्यानंतर अप्पा मला भेटले नाहीत. माझ्या डोळ्यांपुढं आहेत ते तिथलेच: तांबड्या माळावर, सदराभर वरण, भाकरी हातात तशीच, आणि डबा उन्हाकडं तिरपा धरून ती अक्षरं पुन्हा पुन्हा वाचणारे.